फैजपूर-सावद्याहून सायकल: केळीच्या पट्ट्यातून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर किंवा सावद्यात कुणी नवी रोड सायकल घेतली की पहिल्या रविवारी ती बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर निघते. रस्ता सरळ, वळणं कमी, चुकायची भीती नाही. पण रावेरपासून यावल-चोपड्यापर्यंत हा रस्ता केळीच्या गाड्यांचा, एसटीचा आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा आहे. साईडपट्टी बऱ्याच ठिकाणी डांबरापेक्षा चार-सहा बोटं खाली असते. मागून ट्रकने हॉर्न दिला की नवखा घाबरून खाली उतरतो आणि लगेच परत वर यायला बघतो. बारीक टायर त्या कडेला घासतो, वर चढत नाही आणि सायकल आडवी होते, तीही रस्त्याच्या बाजूला. चुकून खाली उतरलातच तर तसंच पुढे जाऊन थांबा, उतरा आणि सायकल उचलून वर घ्या.

म्हणून पहिला नियम हा की हा रस्ता ओलांडायचा, किंवा दोन गावं जोडण्यापुरता चार-पाच किलोमीटर वापरायचा. सायकल चालवण्याजोगे रस्ते त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पसरलेत.

जमीन आधी समजून घ्या

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये साधारण वीस किलोमीटर रुंदीची गाळाची जमीन. डोळ्याला सपाट वाटते, पायाला नाही. सगळा उतार सातपुड्याकडून तापीकडे आहे आणि सुकी, मोर यांसारख्या नद्या आणि असंख्य नाले उत्तरेकडून दक्षिणेला वाहतात. यावरून इथल्या रस्त्यांचं बरंचसं गणित सुटतं.

उत्तर–दक्षिण रस्ता दोन नाल्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जातो. त्यावर एकसारखा, जेमतेम कळणारा चढ किंवा उतार मिळतो. उत्तरेला जाताना वेग ताशी २२ वर अडकला आणि पाय जड वाटले तर ब्रेक घासतोय का ते एकदा बघा. घासत नसेल तर तो चढच आहे. परतताना तोच रस्ता फुकटात ताशी २८ देतो.

पूर्व–पश्चिम रस्त्याला मात्र प्रत्येक नाला आडवा येतो. रस्ता खाली उतरतो, फरशीवरून (नाल्याच्या तळातून नेलेल्या सिमेंटच्या रस्त्यावरून) किंवा छोट्या पुलावरून जातो आणि लगेच चढतो. दिसायला मामुली, पण तीस किलोमीटरमध्ये असे दहा-बारा खोलगे आले की मांड्या बोलू लागतात. नवख्याची चूक ठरलेली असते. उतारावर मोठ्या गिअरमध्ये जोर लावायचा आणि चढ सुरू झाल्यावर, पेडलवर पूर्ण भार असताना गिअर बदलायचा. चेन खडखडते, कधी उतरते, कधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. योग्य क्रम असा: उतारावर पेडल हलके फिरवत राहा, तळ दिसू लागला की दोन-तीन गिअर हलके करा, ब्रेक फरशीच्या आधी मारून घ्या आणि फरशीवर काहीही करू नका, म्हणजे ब्रेक नाही, वळण नाही, गिअर नाही. फरशीवर वाळू साचलेली असते, पावसाळ्यानंतर शेवाळ असतं आणि सिमेंटच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबीच्या दिशेने फट असू शकते. २५ मिमीचं टायर त्या फटीत नीट बसतं, आणि मग हँडल आपल्या हातात राहत नाही.

तापीजवळच्या चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात गाळाची जमीन कापून खोल घळी झाल्यात. तिथला चढ छोटा पण उभा असतो. याउलट सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत गोटे आणि मुरूम वाढतो, रस्ता कोरडा राहतो, पण डांबराच्या कडेला बारीक खडी पसरलेली असते.

वाऱ्याचा हिशेब यापेक्षा सोपा आहे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातल्या दुपारी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, तापीच्या खोऱ्यातून थेट. तेव्हा आधी पश्चिमेला जायचं, दमल्यावर वारा पाठीशी असला पाहिजे. हिवाळ्यातल्या सकाळी वारा इतका मंद असतो की दिशेचा विचार करायची गरज नाही.

सायकल आणि हवा

या रस्त्यांना २३ किंवा २५ मिमीचं टायर नको. २८ मिमी चालतं, ३२ मिमी उत्तम. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये ३२ बसेलच असं नाही. विकत घेण्याआधी टायर आणि ब्रेकच्या कमानीत निदान चार मिमी जागा उरते का ते मोजा, कारण इथला चिखल ती जागा भरून काढतो.

हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची नसते. ७०–७५ किलो वजनाच्या माणसाला २८ मिमीमध्ये पुढे ७० आणि मागे ८० पाउंड पुरे, ३२ मिमीमध्ये पुढे ५५ आणि मागे ६५. त्याहून जास्त भरली की सायकल खडबडीत डांबरावर उड्या मारते आणि पकड सुटते. कमी भरली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. उन्हाळ्यात पहाटे भरलेली हवा दुपारपर्यंत पाच-दहा पाउंडांनी वाढते, तेव्हा भरताना तेवढी कमीच भरा.

व्हॉल्व्हचा प्रश्न लोकांच्या लक्षात येत नाही, आणि तो रस्त्यात अडवतो. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असतो, तो प्रेस्टाला लागत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो, तो एक व्हॉल्व्हवर बसवूनच ठेवा आणि एक पिशवीत. कॉम्प्रेसरने भरताना टप्प्याटप्प्याने भरायला सांगा: "दादा, थोडी थोडी द्या, बारीक ट्यूब आहे." ट्रकच्या टायरच्या हिशेबाने एकदम हवा सोडली की ट्यूब फुटते.

७०० सीच्या (रोड सायकलच्या चाकाच्या मापाच्या) ट्यूब गावातल्या सायकल दुकानात मिळतीलच असं धरून चालू नका. सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, तीन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, ४-५-६ मिमीच्या अ‍ॅलन चाव्या असलेलं हत्यार, चेनची जोडकडी आणि हातपंप हवा. घाटात जाणार असाल तर आपल्या फ्रेमचा जादा डिरेलर हँगरही. तो एवढासा तुकडा जळगाव किंवा भुसावळलाही मागवावा लागू शकतो.

काटे

या भागात पंक्चर होणार, हे गृहीत धरा. दोन काटे ओळखायला शिका.

बाभळीचा काटा लांब आणि सरळ. रस्त्यावर तो झाडावरून जितका पडतो त्याहून जास्त बैलगाडी-ट्रॉलीतून पडतो, कारण शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या याच रस्त्याने जातात. उन्हाळ्यात शेतं साफ करायच्या दिवसांत आणि पेरणीआधी हे प्रमाण वाढतं. रस्त्यावर वाळक्या काटक्यांचा माग दिसला तर तो संपेपर्यंत रस्त्याच्या मधोमध चाला, अर्थात मागे बघून.

दुसरा सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळी फुलं, आणि पावसाळा संपता संपता वाळलेली तीक्ष्ण बोंडं. सराटा डांबरावर नसतो, साईडपट्टीवर असतो. म्हणजे फोटो काढायला, पाणी प्यायला आपण सायकल जिथे ढकलत नेतो नेमका तिथे. ऑक्टोबरपासून पुढे साईडपट्टीवर सायकल ढकलायची नाही, खांद्यावर घ्यायची. पुन्हा निघण्याआधी दोन्ही चाकं हळू फिरवून बघा. सराटा आत घुसायला चाकाचे काही फेरे लागतात. तोवर काढला तर ट्यूब वाचते.

पंक्चर झाल्यावर घाईत नवी ट्यूब टाकून निघाल आणि पाचशे मीटरवर परत थांबाल, कारण काटा टायरमध्येच असतो. बाभळीचा काटा बाहेरून टायरच्या पातळीत मोडतो आणि दिसत नाही. त्यासाठी टायर बसवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवावं. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते बघा आणि टायरमध्ये तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना शोधा. बोटाऐवजी कापसाचा बोळा आतून फिरवा. काट्याचं टोक कापसाचे तंतू पकडतं आणि जागा लगेच कळते. काटा चिमट्याने किंवा लिव्हरच्या टोकाने आतून बाहेर ढकला. मग नवी ट्यूब किंचित हवा भरून, जेमतेम गोल होईल इतकी, आत बसवा. टायरची शेवटची कड लिव्हरने नव्हे, अंगठ्यांनी व्हॉल्व्हच्या जागी चढवा. लिव्हरने चढवताना नव्या ट्यूबला भोक पडतं, आणि मग दोष काट्यावर जातो.

केव्हा निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पहाटे गारठा असतो, नाल्याच्या खोलग्यात तर पारा वरच्यापेक्षा दोन-तीन अंश खाली असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला निघालात तर पुढे-मागे दोन्ही दिवे लावा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे मोटार चालू-बंद करून घरी परतणारे शेतकरी पहाटे मोटारसायकलवर असतात. कधी दिवा नसतो, कधी खांद्यावर घोंगडी आणि डोळ्यांत झोप. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसणं तर रोजचंच.

मार्चपासून वेळ कमी होत जातो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जाऊ शकतो. तेव्हा सूर्योदयाला, म्हणजे पावणेसहा-सहाला निघून साडेआठला घरात. नऊनंतरच्या उन्हात सायकल चालवण्यात शौर्य नाही. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला, अंगावर काटा आला की सावलीत बसायचं, मानेवर-काखेत ओला रुमाल ठेवायचा आणि घरी फोन करायचा. घाम थांबून बोलणं बरळायला लागलं तर उष्माघात समजून १०८ वर रुग्णवाहिका मागवा.

पावसाळ्यात सातपुडा सुंदर दिसतो, रस्ता नाही. शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचा गारा पसरवत जातो. हा गारा टायरला चिकटतो, ब्रेकमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. जोर लावून पेडल मारू नका, डिरेलर तुटतो. उतरा, काडीने गारा काढा, डांबर येईपर्यंत सायकल उचला. फरशीवरून पाणी वाहत असेल तर, घोटाभर असलं तरी, ओलांडायचं नाही. वर सातपुड्यात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही नाला वाढतो.

पोटातलं आणि बाटलीतलं

केळीच्या राज्यात केळं मिळणार नाही, हे नवख्याला खरं वाटत नाही. बागेतली केळी हिरवी कापली जातात आणि पिकतात दूरच्या बाजारात. रस्त्याकडेला शेकडो घड दिसतील, खाण्याजोगं एक नाही. पिकलेली केळी आदल्या संध्याकाळी बाजारातून घ्या. मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात, म्हणजे दीड-दोन केळी, किंवा एक केळं आणि गुळाचा खडा. भूक लागण्याआधी खायचं. निघण्याआधी कचोरी-भजी नको, ती परतल्यावर. भरीत-पुरी आणि कळण्याच्या भाकरीचं आमंत्रण तर दुपारचं असावं.

पाणी हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात एक लिटरपर्यंत. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी पीत राहिलात तर तिसऱ्या तासाला पोटरीत गोळे येतात.

कपड्यांबद्दल एवढंच: बागेच्या कडेला बसताना गडद रंग घाला. केळीचा चीक लागला की डाग जात नाही.

रस्ता आखताना

मोबाईलमधला नकाशा शिवाररस्ता आणि डांबरी रस्ता यांत फरक करत नाही. "सर्वात जवळचा" म्हणून तो तुम्हाला पाणंदीत घालतो, आणि पुढे केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांवर रस्ता संपतो. आदल्या दिवशी उपग्रह चित्रात रस्ता बघा: डांबर राखाडी-काळं आणि सलग दिसतं, पाणंद तपकिरी आणि झाडांखाली तुटक. तरीही वाटेत विचारा, पण प्रश्न बरोबर विचारा. "हा रस्ता खिरोद्याला जातो का?" याला उत्तर नेहमी "जातो ना भाऊ" असं येणार, कारण ट्रॅक्टर जातो. "शेवटपर्यंत डांबर आहे का? खडी टाकली आहे का?" असं विचारलं की खरी माहिती मिळते. नव्याने डांबरीकरण झालेल्या रस्त्यावर पहिले पंधरा दिवस सुटी खडी असते, तो टाळा.

पुढचे मार्ग ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करावेत. अंतरं ढोबळ आहेत. गावातून आत-बाहेर करण्यात एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतात.

पहिला: फैजपूर–सावदा–चिनावल–कुंभारखेडा–खिरोदा–रोझोदा–फैजपूर, सुमारे ३० किमी

पहिल्या महिन्यात हाच एक मार्ग पुन्हा पुन्हा करा. सुरुवातीचे पाच किलोमीटर सावद्यापर्यंत मुख्य रस्ता आहे; ते सकाळी सातच्या आत उरका. सावद्यातून उत्तरेला चिनावलकडे वळलं की वाहतूक एकदम ओसरते. दोन्ही बाजूंना केळी, वर जाणारा हलका चढ. इथे नवख्याने वेग बघू नये, पेडलचे फेरे मोजावेत: मिनिटाला ८० ते ९०. त्याहून कमी पडले की गिअर हलका करा.

कुंभारखेड्याकडून पश्चिमेला सावखेड्यावरून खिरोद्याला जाताना नाले आडवे येतात. वर सांगितलेला फरशीचा क्रम शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. खिरोद्यात चहा घ्या, बाटल्या भरा. परतीचा रस्ता दक्षिणेला, रोझोद्याकडून, उताराचा.

कापणीच्या दिवसांत बागेच्या तोंडाशी ट्रक अर्धा रस्त्यावर उभा असतो, मजूर डोक्यावर घड घेऊन त्याच्या आडून रस्त्यात येतात. लांबूनच घंटी वाजवा आणि चालण्याच्या वेगाने पुढे जा. रस्त्यावर फेकलेले केळीचे खांब आणि पानं ओली असली की साबणासारखी घसरतात. त्यांवरून जाणं टाळता आलं नाही तर हँडल सरळ, ब्रेक सोडलेले.

गावातली कुत्री सकाळी अंगावर येतात. पळालात तर ती मागे लागतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, जोरात "हाड" म्हणा आणि चालत पुढे जा.

दुसरा: फैजपूर–आमोदा–बामणोद–भालोद आणि परत, सुमारे ३५ किमी

हा दक्षिण-पश्चिमेचा मार्ग. भुसावळचा रस्ता आमोद्यापर्यंत वापरावा लागतो आणि तो वाहता आहे. ओळीत, एकामागे एक चाला. आमोद्याजवळ मोर नदीचा पूल येतो. उतार, वळण आणि पूल एकत्र असल्याने इथे वेग आधीच कमी करायचा. पुलाच्या कठड्याला चिकटून चालू नका, मागची गाडी दाबून पुढे जाऊ बघते. दोन-तीन फूट जागा ठेवून रस्त्याचा आपला भाग व्यापा. पूल संपला की बाजूला होऊन वाट द्या.

बामणोदची वांगी भरितासाठी प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात तिथून वांगी आणायची असतील तर पाठीवरची पिशवी हवी. हँडलला टांगलेली पिशवी पुढच्या चाकात जाते. बामणोदहून भालोदकडे वळा आणि तिथून उत्तरेला यावल–फैजपूर रस्ता गाठा. शेवटचे किलोमीटर मुख्य रस्त्याचे आहेत. पश्चिमेला आधी गेल्यामुळे वारा पाठीशी मिळतो, हा या मार्गाचा फायदा.

आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळपासूनच अ‍ॅपे रिक्षा आणि गुरांच्या गाड्या रस्त्यावर येतात. आपल्या मार्गावरच्या गावांचे बाजार कोणत्या वारी भरतात ते विचारून तो वार सोडा.

तिसरा: सावदा–हतनूर धरण–सावदा, जाऊन-येऊन सुमारे २८ किमी

अंतर कमी, पण हा मार्ग पहिल्या दोहोंनंतरच. जाताना बहुतेक उतार, येताना बहुतेक चढ. म्हणजे दमल्यावर काम वाढतं. सावद्याहून दक्षिणेला जाताना भुसावळ–खंडवा रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. रुळ नेहमी काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर टायर रुळाच्या खाचेत जातं. भुयारी मार्ग असेल तिथे पावसाळ्यात पाणी साचतं आणि खालचा खड्डा दिसत नाही.

पुढे तापीच्या घळींचा पट्टा. छोटे उभे चढ येतील. सगळ्यात हलका गिअर लावून बसूनच चढा. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले की खालच्या नदीपात्रात उतरणं जिवावर बेततं. भिंतीवर सायकल नेण्याचा हट्ट धरू नका. हिवाळ्यात फुगवट्याच्या पाण्यावर चक्रवाक, थापट्या अशी पाहुणी बदकं उतरतात. दुर्बीण न्यायची तर सकाळी आठच्या आत पोहोचा. परतताना घाई नको, अर्धं पाणी चढासाठी राखून ठेवा.

चौथा: फैजपूर–खिरोदा–पाल, जाऊन-येऊन सुमारे ६० किमी

पहिला मार्ग दोन तासांत, न थकता होऊ लागला की पालचा विचार करा. गिअर बघा: पुढे ५०/३४ दातांच्या चक्र्या आणि मागे निदान ११ ते ३२ दातांचा संच हवा. मागची सगळ्यात मोठी चक्री २५ किंवा २८ दातांची असेल तर नवख्याचे गुडघे दुखतात.

खिरोद्यापर्यंतचा चढ आता ओळखीचा आहे. तिथे दोन्ही बाटल्या काठोकाठ भरा, घरी फोन करून परतायची वेळ सांगा. पुढे जंगलात मोबाईलची रेंज जाते-येते. घाट लागला की श्वास मोजा: बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. वळणाच्या आतल्या कडेने चढू नका, तिथे चढ सगळ्यात उभा असतो. रिकामा रस्ता असेल तर थोडं बाहेरून, समोरची गाडी दिसेल असं.

पाल हे रावेर तालुक्यातलं सातपुड्याच्या कुशीतलं ठिकाण, जवळच सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. वस्ती पावरा, बारेला आणि तडवी लोकांची. फोटो काढण्याआधी विचारा. होळीच्या आधी या भागात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा घाटातल्या गाड्यांवर माणसं टपापर्यंत भरलेली असतात. त्या आठवड्यात सायकल पालला न्यायची नाही.

उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड आहे. निघण्याआधी ब्रेक तपासा: लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर केबल ताणून घ्या. हात हँडलच्या खालच्या वाकात, वजन मागे. ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. सरळ भागात दोन्ही ब्रेक जोराने मारून वेग कमी करा, मग सोडा, वळणात मोकळे. वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी गोळा होते आणि शेळ्या वळणापलीकडेच बसलेल्या असतात. वेग इतकाच ठेवा की दिसतंय तेवढ्या रस्त्यात थांबता येईल.

पाल दुपारी बारापर्यंत सोडा, हिवाळ्यातही. खिरोद्यापर्यंत काही मोडलं तर अ‍ॅपे किंवा पिकअपवाल्याला हात करा. पुढचं चाक काढून सायकल टपावर उलटी, सीट आणि हँडलवर ठेवायची, डिरेलरची बाजू वर, आणि दोरी फ्रेमला बांधायची, चाकाच्या तारांना नाही. अपघात झाला तर ११२ किंवा १०८. रेंज नसेल तर जखमीजवळ एकाने थांबावं आणि दुसऱ्याने खाली, गावाच्या दिशेने जावं. म्हणून पालला एकट्याने जायचं नाही.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा. घाटातली धूळ आणि तेल मिळून करवतीसारखं काम करतं, आणि नवी चेनही लवकर ताणली जाते. प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटं उलटी फिरवणं, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकणं. वर राहिलेलं तेल फक्त धूळ पकडतं.